पत्रिकेच्या जाडीएवढी फट

मादन हिप्परग्याच्या शिवेवर, आळंदच्या रस्त्याला लागून, हावगेप्पाच्या भट्टीसमोर एक काहील तीन वर्षे उपडी पडून होती. गुळाची काहील; चौघांनी मिळून उचलावी एवढी. ज्या गुऱ्हाळासाठी ती घडवली ते गुऱ्हाळ ती पुरी होण्याआधीच बंद पडले, आणि ती तिथेच राहिली, पाठ आभाळाकडे करून. पावसाने तिला तांबूस केले. शेळ्यांनी तिच्यावर चढून खुरांनी जागोजाग पुन्हा उजळवले. हावगेप्पाची सून अंबिका रोज सकाळी भट्टी झाडताना तिच्याकडे एकदा बघे आणि लगेच नजर काढून घेई, जशी एखाद्या न बोलावलेल्या पाहुण्यावरून काढून घ्यावी.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात एक मोटरसायकल रस्त्याने पुढे गेली, थांबली आणि वळून मागे आली. तिच्यावरून एक आडव्या बांध्याचा तरुण उतरला. त्याने काहिलीच्या पाठीवर बोटांच्या पेरांनी टकटक केले. तळवा फिरवला. मग इकडेतिकडे पाहून, कोणी नाही अशा समजुतीने, तो तिच्यावर छाती टेकवून पालथा झाला.

ओट्यावर सुपारी कातरत बसलेला हावगेप्पा म्हणाला, "काय बाबा, इकत घ्यायचीय का लगीन लावायचंय?"

तरुण दचकून उठला. त्याचे नाव रत्नपाल. गाव जनवाडा, कडगंचीच्या विद्यापीठात इतिहासावर संशोधन करीत होता. हैदराबादेत त्याच्यासारख्या काही जणांचा एक संघ होता. ते जुन्या काळच्या युरोपातल्या सरदारांसारखी डोक्यापासून पायापर्यंत पोलादी पत्र्याची चिलखते घालत आणि बोथट तलवारी, बोथट कुऱ्हाडी घेऊन खरोखर लढत. पंच असत, नियम असत. जो जमिनीवर पडला तो बाद. त्याने मोबाईलवर दाखवले. पडद्यावर दहा लोखंडी माणसे एकमेकांवर आदळत होती, आणि तो आवाज ऐकून भट्टीत काम करणारी अंबिका हातोडा तसाच हातात घेऊन बाहेर आली.

"हे चिलखत भाईरून मागवावं लागतंय, अक्का," रत्नपाल तिला म्हणाला. "ते दुसऱ्याच्या मापाचं ऱ्हातंय. माझ्या खांद्यात बसत न्हाई. मागल्या साली त्यातच बरगडी मोडली माझी. आज हितून जायलोतो, ही काहील दिसली. येवढ्या मोठ्या पत्र्याला एक पोचा न्हाई. म्हणलं, जेनं ही घडवली त्येला माझी छाती घडवता येईल."

"आमी गुळाची भांडी करताव," हावगेप्पा म्हणाला. "माणसाची न्हाई."

अंबिका पुढे आली. तिने मोबाईल हातात घेतला, तेच चित्र पुन्हा लावले, आणि त्या लोखंडी माणसांच्या कोपरांकडे, गुडघ्यांकडे, मानेकडे बघत राहिली. मग विचारले, "कवा पायजे?"

"शिवरात्रीच्या आदल्या आठवड्यात सामने हायेत."

शिवरात्र हा शब्द ऐकून सासरा-सुनेने एकमेकांकडे पाहिले, आणि त्याला कारण होते. अंबिकेचा नवरा बसवप्रभु पुण्याला एका कारखान्यात प्रेस मशीनवर होता. तिथे एका ठोक्यात पाच पत्रे आकार घेऊन बाहेर पडत. गुऱ्हाळे एकामागून एक यंत्राची, चकचकीत, शिवणी नसलेली भांडी आणू लागली होती. हातच्या काहिलीला वर्षभरात गिऱ्हाईक फिरकले नव्हते. बसवप्रभुने ठरवले होते की शिवरात्रीला गावी यायचे, भट्टी मोडायची, ऐरण आणि हत्यारे आळंदच्या भंगारवाल्या भीमराजला द्यायची आणि वडिलांना नि बायकोला पुण्याला न्यायचे. भीमराज येऊन ऐरण पाहूनही गेला होता. एका हाताने ती हलते का हे त्याने तपासले होते, आणि ती हलली नव्हती.

अठरा वर्षांपूर्वी अंबिका या घरात आली तेव्हा तिच्या हाती आधी भात्याची साखळी आली, मग घण, आणि हावगेप्पाचे मनगट कापू लागले तेव्हा हातोडा. लोखंड लाल असताना काय मागते आणि थंड झाल्यावर काय नाकारते हे तिला शब्दांत सांगता येण्याआधी कळू लागले होते. पुण्याच्या त्या एका खोलीत भांडी घासण्यापलीकडे लोखंडाशी तिचा संबंध उरणार नव्हता. हे दुःख तिने कोणाला सांगितले नव्हते. ते सांगण्याजोगे आहे असेही तिला वाटत नव्हते.

रत्नपाल गेल्यावर तिने पुण्याला फोन लावला आणि मोबाईल हावगेप्पाला ऐकू जाईल असा ओट्यावर ठेवला.

"एक काम घेतलंय," ती म्हणाली. "माणसाला घालायचं लोखंड. हैदराबादेत त्येची परीक्षा हाय. त्यात टिकलं, तर भट्टी ऱ्हाईल. न्हाई टिकलं, तर शिवरात्रीला भीमराजच्या गाडीत मी सोता ऐरण उचलून ठेवते."

पलीकडून यंत्रांची धडधड ऐकू येत राहिली. "तुला उचलती का ती ऐरण?" बसवप्रभुने विचारले.

"तुमी कबूल हाव का, ते सांगा."

"व्हय बाई, कबूल."

मग सुरू झाले ते दिवस. अंबिकेने रत्नपालला भट्टीत उभा करून त्याच्या अंगावर वर्तमानपत्रे गुंडाळली, टाचण्या लावल्या, खडूने रेघा ओढल्या, आणि ते कागद कातरून अंगावरून सोडवले तेव्हा भट्टीच्या भिंतीवर एका माणसाची तुकड्यातुकड्यांनी कात लटकली. छातीला नि शिरस्त्राणाला चौदा गेजचा पत्रा, हातापायांना त्याहून पातळ, सोळाचा. बाभळीच्या ओंडक्यात तिने एक खळगा कोरला आणि त्यावर पत्रा धरून गोल तोंडाच्या हातोड्याने आतून ठोकत गेली, काठाकडून मध्याकडे, गोलगोल, पाखराने घरटे अंगाने दाबत जावे तशी. सपाट पत्रा आधी हट्टी असतो. तो कुरकुरतो, काठाला सुरकुत्या पाडतो, एका बाजूने बसवला तर दुसऱ्या बाजूने उठतो. पण हजार ठोके बसले की एका क्षणी त्याचा सूर बदलतो, आणि तिथून पुढे तो आपण होऊन गोल होऊ लागतो. अंबिका त्या क्षणासाठी काम करी. तो येताच तिच्या चेहऱ्यावर जे येई ते हावगेप्पा ओट्यावरून पाहत असे आणि मान वळवून सुपारी कातरू लागे.

पंधरा दिवसांनी तो ओट्यावरून उतरला. छातीचा पत्रा उचलून त्याने उजेडात धरला, उलटसुलट करून पाहिला.

"उजवी बाजू फुगीर झाली."

"रत्नपालची उजवी बरगडी तशीच हाय, अप्पा. मोडून जुळलीय."

"बरं." म्हाताऱ्याने तो पत्रा खाली ठेवला. "रिबिटं मी मारणार. त्येला कुणी हात लावायचा न्हाई."

रिबीट ही त्या घराची अब्रू होती. पत्र्याला पत्रा जोडणारी ती खिळ्याएवढी वस्तू, पण हावगेप्पाच्या हातचे रिबीट बसले की दोन पत्रे एक होत. नखाला सांधा सापडत नसे. काहील घराबाहेर पडण्याआधी तिला बाहेरून चुना फासत आणि आत काठोकाठ पाणी भरून दुपारपर्यंत ठेवत. जिथे रिबीट रडले तिथे पांढऱ्या चुन्यावर काळा ठिपका उमटे. साठ वर्षांत हावगेप्पाचे एकही रिबीट रडले नव्हते. त्याच्या बापाचे एक रडले होते, आणि ते सगळ्या हिप्परग्याला अजून आठवत होते.

वेळा अमावस्येच्या, शेतात जेवायच्या सणाच्या दिवशी चिलखत पुरे झाले. गाव आंबिलीची मडकी डोक्यावर घेऊन शेतांकडे निघाले होते. ज्वारीची कणसे दुधाने भरली होती. पण हावगेप्पा म्हणाला, परीक्षा झाल्याबिगर मी शेतात पाऊल टाकणार न्हाई. त्याने दोन्ही हातांच्या पत्र्यांना चुना फासला, मनगटाची तोंडे ज्वारीच्या पिठाच्या गोळ्याने बंद केली, ते हात दावणीच्या खुंट्याला उभे बांधले आणि खांद्याकडून पाणी ओतले. पायांचेही तसेच. छातीचा पत्रा घमेल्यासारखा उताणा ठेवून भरला. अंबिकेला काहीतरी खुपत होते. ते काय, हे तिला सांगता आले नसते. ती पाणी ओतत राहिली.

शेजारची राजूबाई मडके घेऊन शेताकडे निघाली होती, ती थांबली. "ह्ये काय करायलास, अण्णा?"

"गळतंय का बघायलाव."

"मग आंबील ह्येच्यातच न्यायची की. मडकं फुटायचा घोर न्हाई."

दुपारपर्यंत चुना पांढराशुभ्र होता. एक ठिपका नव्हता. हावगेप्पाने शेताकडून परतणाऱ्या चार माणसांना बोलावून ते दाखवले. चुन्यावरून बोट फिरवून ते कोरडे बोट सगळ्यांसमोर धरले.

तेवढ्यात रत्नपाल आला. चिलखत पाहून त्याचे डोळे भरून आले. सासरा-सुनेने मिळून ते त्याच्या अंगावर चढवले: छाती, पाठ, मांड्या, पोटऱ्या, हात. सगळे बसले. कातडीसारखे बसले. मग अंबिका म्हणाली, "हात वर कर."

हात वर झाला नाही. रत्नपालने जोर लावला. त्याची मान लाल झाली. कोपर वाकेना, गुडघा वाकेना. रस्त्यापलीकडच्या शेतात कणसे डोलत होती आणि इकडे भट्टीसमोर तो दोन्ही हात पसरून बुजगावण्यासारखा उभा होता. शेतातून परतलेल्या राजूबाईने तोंडाला पदर लावला, तरी हसू पदरातून निसटलेच.

"अप्पा," रत्नपाल फार हळू म्हणाला, "कोपराच्या पट्ट्या एकमेकींवरून सरकाव्या लागतात. रिबीट हलावं लागतंय."

"म्हंजे ढिलं."

"हलतं. पण निघत न्हाई."

"मी साठ वर्सांत हलणारं रिबीट मारलेलं न्हाई," हावगेप्पा म्हणाला. "आता बी मारणार न्हाई." तो घरात गेला. त्या दिवशी त्याने शेतातले जेवणही घेतले नाही.

अंबिकेने चिलखत उतरवले. पोराच्या काखेत पत्र्याने ओरखडे उठले होते. ते पाहताना तिला सकाळचे ते खुपणे नीट कळले. दोघांनी मिळून एक उत्तम भांडे बनवले होते. आत माणूस असेल, आणि माणूस वाकतो, हे दोघांपैकी एकाच्याही हाताला आठवले नव्हते. हातांना भांडेच माहीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हावगेप्पासमोर सांडशी ठेवली, त्याने स्वतः घडवलेली, भट्टीतले निखारे उचलायची. मग त्याच्या हातातला अडकित्ता काढून घेऊन सांडशीशेजारी ठेवला.

"हे काय?"

"ह्येच्यात बी रिबीट हाय. हलायलंय. तुमीच मारलंय."

म्हाताऱ्याने दोन्हींकडे पाहिले. "ती सांडशी हाय," तो म्हणाला. "भांडं न्हाई."

"हे बी भांडं न्हाई, अप्पा. आत पाक न्हाई, पोरगं हाय जनवाड्याचं."

हावगेप्पाने अडकित्ता परत घेतला, सुपारी तोंडात टाकली आणि भिंतीकडे तोंड केले.

अंबिका एकटीनेच लागली. सांध्यांची सगळी रिबिटे तिने छिन्नीने उडवली. सासऱ्याने मारलेले एकेक रिबीट उडवताना तिला जणू देवळाचा दगड काढल्यासारखे वाटे. पण छिन्नी थांबली नाही. कोपर वाकवताना पट्टी नुसती फिरत नाही, ती सरकतेही, हे तिने कागदी पट्ट्या आपल्याच हाताला लावून शोधले. म्हणून गोल भोकांच्या जागी तिने कानशीने लांबट खाचा काढल्या. रिबीट त्या खाचेत मागेपुढे जाई. मग तिने रिबिटे हलक्या हाताने, अर्धवट मारली.

हात वाकू लागला. पण चिलखत वाजू लागले. पट्ट्या खुळखुळ्यासारख्या हलत, एकमेकींपासून उठत, त्यांच्यामधून बोट आत जाई. जिथे बोट जाते तिथे कुऱ्हाडीचे टोकही जाईल. जरा घट्ट मारले की सगळे जखडे. जरा सोडले की खुळखुळे. संक्रांत आली आणि गेली. तिने तोच सांधा अकरा वेळा मारला आणि अकरा वेळा उडवला. पत्र्याची भोके मोठी होत चालली. एका दुपारी छिन्नी घसरून तिचा अंगठा फुटला, तेव्हा ती ऐरणीवरच बसून राहिली. भीमराजने हलवून पाहिलेली ती ऐरण तिच्याखाली गार होती.

तो खुळखुळ हावगेप्पा पाच दिवस ओट्यावरून ऐकत होता. एखाद्या गवयाला शेजारचे पोर बेसूर गाताना ऐकावे लागावे, तशी त्याची अवस्था झाली होती. पाचव्या दिवशी तो उठला. घराच्या आढ्याला एका तारेत लग्नपत्रिका ओवून टांगलेल्या असत, वर्षानुवर्षांच्या, धुराने पिवळ्या झालेल्या. ती तार त्याने खाली काढली आणि ती घेऊन भट्टीत आला.

"ऊठ तिथनं," तो म्हणाला. "ऐरणीवर बसत न्हाईत."

अंबिका उठली.

"अर्धं रिबीट कामून मारायलीस? अर्धं रिबीट मारणं हे कामच न्हाई. मारायचं तर पुरं मारायचं." त्याने तारेतून एक जाड पत्रिका उपसली. "ही कुणाची?"

अंबिकेने वाचले. "मंजुश्रीची. श्रीपतरावांच्या लेकीची."

"ह्या लग्नात भात कच्चा होता. घाल ही डाव्या कोपरात."

त्याने पत्रिकेचा तुकडा कातरून दोन पट्ट्यांच्या मध्ये ठेवला, खाचेतून रिबीट घातले, आणि कापणाऱ्या मनगटाला दुसऱ्या हाताचा आधार देऊन, साठ वर्षे मारत आला होता तसेच, पुरे, घट्ट, अब्रूदार रिबीट मारले. सांधा दगडासारखा जखडला. मग त्याने तो निखाऱ्यावर धरला. पत्रिका काळी पडली, गणपती जळाला, वधूवरांची नावे जळाली. त्याने फुंकर मारली आणि राख उडाली. दोन पट्ट्यांमध्ये पत्रिकेच्या जाडीएवढी फट उरली होती. केवळ तेवढीच.

हावगेप्पाने सांधा अंबिकेच्या हातात दिला. तिने तो वाकवला. तो वाकला, आणि आवाज आला नाही. पट्ट्या एकमेकींवरून अशा सरकल्या की जणू पाणीच सरकले. तिने पुन्हा वाकवला. पुन्हा.

"कवा सुचलं, अप्पा?"

"काल. पानाच्या घडीत चुना लावताना." तो जरा थांबला. "ढिलं न्हाई हे. घट्टच हाय. फक्त मधी जागा हाय."

त्यानंतर आठ दिवस भट्टीत लग्ने जळत होती. चैत्रा नावाच्या नवरीची पत्रिका उजव्या खांद्यात गेली, हरिओम नावाच्या नवरदेवाची गुडघ्यात. एका पत्रिकेवर तिघांचा वाद झाला, कारण राजूबाई म्हणाली की ते जोडपे अजून भांडते आहे, ती मानेला नको. अंबिका रिबीट धरी आणि हावगेप्पा मारी. त्याचे मनगट थकले की हावगेप्पा धरी आणि अंबिका मारी. शेवटी शेवटी कोणी कुठले मारले हे दोघांनाही सांगता आले नसते.

हैदराबादेला ते एस.टी.ने गेले. चिलखत ज्वारीच्या दोन पोत्यांत होते. वाहकाने पोते हलवून पाहिले आणि आवाज ऐकून विचारले, आत काय भांडीकुंडी आहेत का. हावगेप्पा ताठ बसून म्हणाला, "न्हाई. माणूस हाय."

मैदानावर चिलखतांची तपासणी होती. एक दाढीवाला पंच हातात बोटाएवढी सळई घेऊन प्रत्येकाच्या सांध्यांत ती खुपसून बघत होता. जिथे सळई शिरे तो लढवय्या बाजूला बसवला जाई. रत्नपालच्या कोपरात त्याने सळई टेकवली. शिरली नाही. काखेखाली टेकवली. शिरली नाही. "हात उठाओ," तो म्हणाला. रत्नपालने हात उचलले. "बैठो." रत्नपाल उकिडवा बसला, उठला, आणि मग कोणी सांगितले नसताना मांडी घालून बसला, जसे जनवाड्याच्या पंगतीत बसावे, आणि हात न टेकता उभा राहिला. मागे रांगेत उभी असलेली लोखंडी माणसे वळून बघू लागली.

"किसने बनाए जी ये?" पंचाने विचारले.

रत्नपालने दोघांकडे बोट केले. पंचाला वाटले तो त्यांच्या मागे उभ्या असलेल्या कोणाला दाखवतो आहे. त्याने मागे पाहिले. मागे नुसती भिंत होती.

रत्नपालचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला. तो पाचांविरुद्ध पाच असा होता, तीन फेऱ्या. अंबिका कठड्याला धरून उभी होती. तिला लढाई कळत नव्हती, पण आवाज कळत होते. पत्र्यावर पडणारा प्रत्येक घाव तिला नावानिशी ओळखू येई: हा छातीवर, हा मांडीवर, हा शिरस्त्राणाच्या टाळूवर, जिथे तिने पत्रा सगळ्यात जास्त वेळ ठोकला होता. आवाज भरीव, गोल आला की ती पुढच्या घावाला कान लावी. पहिली फेरी रत्नपालच्या संघाने घेतली. दुसऱ्या फेरीत एका उंच, लाल पट्ट्याच्या लढवय्याने दोन्ही हातांनी कुऱ्हाड आणून उजव्या खांद्यावर घातली, आणि तो आवाज फुटक्या घागरीचा आला.

"रिबीट गेलं," अंबिका म्हणाली.

"उजवं, वरचं," हावगेप्पा म्हणाला.

ती फेरी गेली. रत्नपाल कठड्याशी आला तेव्हा खांद्याचा पत्रा एका बाजूने लोंबत होता. पुढच्या फेरीच्या शिट्टीआधी तो नीट झाला नाही तर पंच त्याला उतरू देणार नव्हते. चौघांना पाचांशी लढावे लागणार होते. अंबिकेने खांदा सोडवून घेतला. हावगेप्पाने कमरेच्या चंचीतून सुपाऱ्यांमधले एक रिबीट शोधून काढले, फरशीवर गुडघे टेकले आणि सोबत आणलेल्या मोठ्या हातोड्याचे तोंड पत्र्याखाली टेकण म्हणून धरले. त्याचे हात थरथरत होते, पण हातोडा जमिनीवर टेकला होता, तो हलत नव्हता.

"मार."

"कागद?"

"कागद घातला तर जाळायचा कशात? कानानं मार."

अंबिकेने मारले. एक. पत्रे अजून परके होते, दोन वेगळे सूर लागत होते. दोन. तीन. सूर जवळ आले. चार. आजूबाजूची माणसे, कोणाचा तरी कॅमेरा, मैदानावरचा कल्ला हे सगळे मागे सरले आणि जगात फक्त दोन पत्र्यांमधली ती फट उरली, जी दिसत नव्हती, फक्त ऐकू येत होती. पाच. सहा. सातव्या ठोक्याला दोन सुरांचा एक सूर झाला नाही, पण दोन्ही एकमेकांना लागून उभे राहिले. ती थांबली.

"आजून एक," हावगेप्पा म्हणाला.

"नको."

"आजून एक लागतंय, पोरी."

"नको, अप्पा."

तिने सांधा उचलून वाकवला. पट्टी सरकली. आवाज आला नाही. म्हाताऱ्याने नखाने फट चाचपली, मग मान खाली घालून हातोडा पुसू लागला. तो पुसण्यासारखा नव्हता, तरी पुसत राहिला.

तिसरी फेरी फार वेळ चालली. एकेक लोखंडी माणूस धाडकन खाली गेला. शेवटी रत्नपाल एकटा उरला आणि समोर दोघे, त्यांत तो लाल पट्ट्याचा. दोघे एकदम चालून आले. कुऱ्हाड पुन्हा त्याच खांद्यावर पडली. आवाज भरीव होता, हिप्परग्याच्या देवळातल्या घंटेसारखा, आणि अंबिकेच्या तोंडून नकळत "व्हय" असे निघून गेले. रत्नपाल वाकला, गुडघ्यात, कंबरेत, खांद्यात, जिथे जिथे माणूस वाकतो तिथे तिथे वाकला, दुसऱ्या लढवय्याच्या हाताखालून निघाला आणि त्याला आपल्या पाठीवरून उलटा केला. लाल पट्ट्याच्या लढवय्याने पुन्हा घाव घालायला हात उचलला, पण त्याचे कोपर मध्येच अडकले. विकत आणलेले, चकचकीत, बाहेरगावचे कोपर. त्या एका श्वासात रत्नपालने त्याला छातीने रेटत कठड्यापर्यंत नेले आणि बसवले, अगदी हळू, जसे पाहुण्याला पाटावर बसवावे.

मैदानावर एकच माणूस उभा होता. त्याच्या छातीवर पाच-सहा पोचे पडले होते. अंबिका ते लांबूनच मोजत होती: उजव्या बरगडीवर एकही नव्हता.

मग गर्दी झाली. रत्नपालला उचलायला चौघे धावले आणि वजन पाहून परत ठेवले. लाल पट्ट्याचा लढवय्या मात्र दुसऱ्याच बाजूने, शिरस्त्राण काखेत घेऊन, कठड्याशी आला. त्याचा उजवा हात अजून वाकलेला होता, सरळ होत नव्हता. त्याने तो अंबिकेसमोर धरला आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाला; शब्द कळले नाहीत, पण दुखणे कळले. तिने त्याला फरशीवर बसायची खूण केली. त्याच्यामागे आणखी दोघे येऊन उभे राहिले, मग आणखी तिघे. हावगेप्पा छातीच्या पत्र्यावर हात ठेवून पंचाला काहिलीची गोष्ट सांगत होता, मराठीत, आणि पंच हैदराबादी उर्दूत मान डोलावत होता.

मोबाईल वाजला. अंबिकेने तो खांद्याने कानाशी धरला. हात रिकामे नव्हते.

"रत्नपालच्या दोस्तानं सगळं दाखवलं मला फोनवर," बसवप्रभु म्हणाला. मागे यंत्रांची धडधड होती. "भीमराजला सांगतो, येऊ नको म्हणून."

"सांगा." तिने अडकलेल्या कोपराचे रिबीट बोटाने चाचपले, ते पुरते जखडून बसले होते. "आन शिवरात्रीला येताव न्हवं?"

"व्हय."

"मग जास्तीची रजा काढून या. घण मारायला माणूस कमी पडायलाय."

तिने फोन खाली ठेवला, छिन्नी उचलली आणि त्या उंच माणसाला म्हणाली, "हात हलवू नको."